कीबोर्ड घरी गोड, मांडवात घोगरा? नवा स्पीकर घेण्याआधी हे करून बघा

सप्ताह असो, गणपतीचा मांडव असो, आता पेटीच्या जोडीला कीबोर्ड गावोगाव आलाय. घरी वाजवला तर आवाज एक नंबर, आणि मांडवात जोडला की नुसता गोंगाट. आमच्या मंडळात मागच्या सप्ताहात हेच झालं. हरिपाठ संपल्यावर मागं बसलेली एक आजी म्हणाली, "बाबा, वाजतंय लई, पण शब्दच कळंना." पोरांनी ठरवलं, वर्गणी काढून मोठा स्पीकर आणायचा. बारा हजारांचा आकडा निघाला, तोही सोयाबीनचे पैसे हातात यायच्या आधी.

कीबोर्ड मीच वाजवतो, त्यामुळं आजीचं बोलणं मला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव रिकामा असताना बसलो. स्पीकर ठीक होता. चूक माझ्या सेटिंगची होती.

आवाज किती जाड किंवा बारीक, ते हर्ट्झमध्ये मोजतात. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सगळ्यात डावीकडची पट्टी साधारण ६५ हर्ट्झची आणि उजवीकडची शेवटची २,०९३ हर्ट्झची असते. त्या सुराची झणक त्याच्याही वर जाते. आता मांडवात बघा. पखवाजाचा धुमा खालची जागा धरून बसतो. टाळ वरची जागा घेतात. गाणाऱ्याचा आवाज मधे. पण शब्द ओळखू येतात ते स, त, क, च असल्या अक्षरांच्या बारीक आवाजामुळं. हा बारीक आवाज साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतो, आणि वय झालं की कान आधी बारीक आवाजालाच कमी पडतात. तिथंच आपण स्ट्रिंग्जचा चकचकीत आवाज पूर्ण सोडला, तर म्हाताऱ्या माणसाला काय कळणार? आजीचं काही चुकलं नव्हतं.

इक्वलायझर, म्हणजे इक्यू, इथंच कामाला येतो. जाड, मधला, बारीक असे आवाजाचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करायची ही सोय. अँपवर बास आणि ट्रेबलची बटणं असतात, तोच प्रकार. यामाहाच्या पीएसआर-ई ४६३ सारख्या मॉडेलमध्ये फंक्शनच्या यादीत 'मास्टर इक्यू' आहे. त्यात स्पीकर, हेडफोन, बूस्ट, पियानो, ब्राइट, माइल्ड असे तयार प्रकार मिळतात. मी घरी 'बूस्ट' लावून ठेवला होता. घरात भारी वाटायचं. मांडवात तोच नडला.

आपल्याकडं सवय अशी की आवाज पोचत नाही म्हटलं की वाढवा. ३ डेसिबल वाढवलं की अँपवर त्या भागाचा भार दुप्पट होतो. लहान स्पीकरला जास्त बास दिला की तो फडफडतो, कधी कॉइलही जळते. भोंगा असेल तर विषयच नाही, तो जाड आवाज नीट देतच नाही, बास वाढवून उपयोग शून्य. ट्रेबल वाढवला तर माईक शिट्टी मारतो. म्हणून आधी कमी करून बघा. मी 'माइल्ड' लावला, डावा हात खालच्या पट्ट्यांवरून उचलला, आणि मिक्सरवर कीबोर्डच्या चॅनेलचा बास थोडा उतरवला. पखवाज लगेच मोकळा झाला.

इक्यू कीबोर्डवर आणि मिक्सरवर, दोन्हीकडं एकदम फिरवू नका. एक जागा साधी ठेवा, दुसरीकडं काय ते करा. नाहीतर कुठं बिघडलं तेच सापडत नाही.

फिल्टर ही वेगळी चीज. मास्टर इक्यू सगळ्या आवाजाला लागतो. फिल्टर बहुतेक कीबोर्डवर आपण वाजवतोय त्या व्हॉइसला लागतो. धान्याच्या चाळणीसारखं समजा. 'कटऑफ' म्हणजे चाळणीचं भोक. कटऑफ खाली आणला की त्याच्या वरचा बारीक आवाज अडतो, सूर मऊ होतो. 'रेझोनन्स' वाढवला की त्या कडेवरचाच आवाज उठून येतो, वाँव वाँव ऐकू येतं. वरातीत, बँजोच्या जोडीला पोरांना ते आवडतं. हरिपाठात मात्र रेझोनन्सला हात लावू नये, हे माझं मत. काही मॉडेलवर यासाठी पुढंच दोन गोल नॉब असतात. कटऑफ थोडासाच डावीकडं फिरवा. जास्त फिरवला तर कांबळं पांघरून वाजवल्यासारखं होतं.

आणखी एक फसगत हेडफोनची. रात्री घरात हेडफोन लावून बसवलेलं सेटिंग मांडवात जसंच्या तसं चालत नाही. हेडफोनात बास जवळून येतो, मोकळ्या जागेत तो पसरतो. बसवायचं तर जागेवरच.

एकानं वाजवावं, दुसऱ्यानं शेवटच्या ओळीत, बाया बसतात तिथं उभं राहून ऐकावं. तिसऱ्यानं माईकवर नुसतं बोलावं, गाऊ नये. शब्द कळले की थांबा. मांडव माणसांनी भरला की बारीक आवाज अंगात, कपड्यात मुरतो, म्हणून रिकाम्या मांडवात थोडा चकचकीत वाटला तरी चालेल. आणि नॉब, स्क्रीन, मिक्सर यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही कीबोर्डवर बंद केलं की नॉबचं सेटिंग मूळपदावर जातं, आणि पुढच्या एकादशीला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.