कुपीवर ‘संशोधनासाठी’ लिहिलं की सुटलो?

जिममध्ये हल्ली प्रोटीन पावडरइतकीच पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची, चर्चा असते. दुखापत भरून यायला बीपीसी-१५७, वजन उतरवायला आणखी काही. माल बहुतेक परदेशातून, काचेच्या इवल्याशा कुपीत पांढरी पूड. लेबलावर छापलेलं असतं: ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. त्याच दुकानात शेजारी इन्सुलिनच्या सिरिंजही विकायला असतात. उंदरांची केवढी ही बडदास्त!

या लेबलामुळे औषध कायदा लागू होत नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषधाची व्याख्या वापराच्या हेतूवर बेतलेली आहे. उपचारासाठी वापरायचा पदार्थ औषधच, कुपीवर काहीही लिहा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही डिसेंबर २०२४मध्ये अशा काही विक्रेत्यांना इशारापत्रं पाठवताना हेच धरलं: लेबल एक सांगतं, जाहिरात दुसरंच.

‘थोडंसं स्वतःपुरतं मागवलं तर चालतं’ हे अर्धसत्य. औषध नियमांतल्या नियम ३६नुसार प्रवाशाला सामानातून स्वतःसाठी औषध आणता येतं, एका औषधाचे जास्तीत जास्त १०० सरासरी डोस. कुरिअरने मागवायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून फॉर्म १२-ए भरायचा आणि १२-बी हा परवाना मिळवायचा. ट्रेनरची चिठ्ठी यात बसत नाही. मित्राचं पार्सल सुखरूप आलं, यावरूनही काही सिद्ध होत नाही. कस्टम्सवाले प्रत्येक पाकीट फोडत नाहीत, एवढंच. आणि पुरवठादाराने पाकिटावर ‘कॉस्मेटिक सॅम्पल’ लिहिलं असेल, तर खोट्या घोषणेचं कलम वर लागू शकतं.

आता कुपीसोबत येणारा ९९ टक्के शुद्धतेचा कागद. तो खरा असला तरी एचपीएलसी चाचणीत एवढंच कळतं, की यंत्राला दिसलेल्या पेप्टाइडसदृश घटकांत हवा तो किती आहे. पुडीतलं पाणी आणि क्षार त्यात मोजले जात नाहीत, त्यामुळे १० मिलिग्रॅमच्या कुपीत प्रत्यक्ष पेप्टाइड बरंच कमी असू शकतं. पूड निर्जंतुक आहे का, तिच्यात जिवाणूंची विषारी द्रव्यं, म्हणजे एंडोटॉक्सिन, आहेत का, याच्या चाचण्या वेगळ्या असतात. टोचून घेणाऱ्याला ताप, थंडी किंवा त्याहून वाईट काही होतं ते जंतूंमुळे वा एंडोटॉक्सिनमुळे, आणि नेमके या चाचण्यांचेच अहवाल बहुधा जोडलेले नसतात.

उलट टोकाला ‘पेप्टाइड म्हणजे बेकायदा’ असंही ऐकू येतं. इन्सुलिन हेही ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच, आणि मधुमेहावरचं सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपल्याकडे रीतसर मिळतं. प्रयोगशाळांनाही बंदी नाही. तपासणी वा विश्लेषणासाठी थोडं औषध आणायला परवान्याची सोय आहे.

खेळाडूंची गोष्ट आणखी वेगळी. बीपीसी-१५७ हे २०२२पासून ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. नमुन्यात ते सापडलं, तर ‘रीतसर मागवलं होतं’ म्हणून सुटका होत नाही.