पाहुण्या मिशनचे शालेय ग्रंथालय : मलावीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आफ्रिका खंडातील अनेक प्राथमिक शाळांना इमारत आहे, शिक्षक आहेत, फळा आहे. परंतु पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त मुलाच्या हाती देता येईल असे पुस्तक तेथे क्वचितच आढळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही स्थिती इतकी सार्वत्रिक झाली होती की, तिचे वर्णन करण्यासाठी ‘पुस्तकांचा दुष्काळ’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. या दुष्काळावर युरोप-अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांनी योजलेला एक उपाय म्हणजे अल्पकालीन मिशन-प्रवास होय. मंडळीचे काही सभासद दोन-तीन आठवड्यांसाठी एखाद्या गावी येतात, शाळेची एक खोली रंगवितात, मांडण्या उभ्या करतात, आधी जहाजाने रवाना केलेली पुस्तके त्यांवर लावतात आणि प्रार्थना व उद्घाटन उरकून परततात. या उपक्रमामागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो पाहुणे परतल्यानंतरच्या ग्रंथालयाचा.

प्रस्तुत लेखात मलावी या देशाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. मलावीतील आधुनिक शिक्षणाचा पाया मिशनऱ्यांनी घातला. आजही तेथील प्राथमिक शाळांचा फार मोठा हिस्सा चर्चच्या मालकीचा असून शिक्षकांचे वेतन शासन देते. त्यामुळे मिशन आणि पुस्तक यांचे जवळजवळ दीडशे वर्षांचे नाते येथे एकाच ठिकाणी तपासता येते.

मुद्रणयंत्राचा काळ

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या १८७३ मधील मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ स्कॉटलंडच्या फ्री चर्चने १८७५ मध्ये सरोवराच्या दक्षिण टोकास, केप मॅक्लियर येथे, लिव्हिंग्स्टोनिया मिशनची स्थापना केली. हिवतापाने अनेक मिशनरी दगावल्यामुळे हे केंद्र १८८१ मध्ये बांडावे येथे आणि १८९४ मध्ये खोंडोवेच्या पठारावर हलविण्यात आले. या प्रदेशाचा मुंबईशी जडलेला एक संबंध मराठी वाचकांस फारसा परिचित नाही. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून १८६१ मध्ये याच भागात सोडविण्यात आलेले चुमा व विकाटानी हे दोन मुलगे १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्यासमवेत जलमार्गाने मुंबईस आले. फ्री चर्चचेच मिशनरी असलेल्या डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ते शिकले आणि १८६६ मध्ये आफ्रिकेत परतले. त्यांच्याबरोबर नाशिकजवळील शरणपूरच्या आश्रमशाळेतील काही मुक्त आफ्रिकी तरुणही होते. लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत चुमा हा एक प्रमुख होता. पुढे ज्यास मलावी म्हटले गेले त्या भूमीतील दोन मुलांना शाळा प्रथम लाभली ती अशी मुंबईत.

लिव्हिंग्स्टोनियाच्या आरंभीच्या शिक्षकांत केवळ स्कॉटिश लोकच होते, असाही समज करून घेणे योग्य नाही. दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेल येथील मिशन-संस्थेतून विल्यम कोयी आणि त्यांचे सहकारी १८७६ मध्ये येथे आले. म्हणजे आफ्रिकी शिक्षकाने आफ्रिकी विद्यार्थ्यास शिकविण्याची परंपरा या मिशनमध्ये प्रारंभापासून होती. खोंडोवे येथे डॉ. रॉबर्ट लॉज यांनी उभारलेल्या ओव्हरटून संस्थेत शिक्षक-प्रशिक्षण, सुतारकाम व बांधकाम यांच्या जोडीने मुद्रणही शिकविले जाई. दक्षिणेत ब्लॅन्टायर मिशनचे डेव्हिड क्लेमेंट स्कॉट यांनी १८९२ मध्ये मांगांजा भाषेचा बृहत्कोश प्रसिद्ध केला. मध्य भागातील डच रिफॉर्म्ड मिशनने एन्खोमा येथे छापखाना चालविला. चिचेवा भाषेतील संपूर्ण बायबल १९२२ मध्ये उपलब्ध झाले.

या सर्व उद्योगाचा हेतू अर्थातच धर्मप्रसार हा होता. परंतु त्यासाठी मिशनला आधी भाषा शिकावी लागली, तिचा कोश करावा लागला, तिच्यात खिळे जुळवावे लागले. पुस्तक बाहेरून आणणे दुरापास्त असल्याने ते तेथेच तयार करण्याची सक्ती झाली आणि या सक्तीतून काही अनपेक्षित फळे मिळाली. सॅम्युएल यॉसिया न्तारा हे डच रिफॉर्म्ड मिशनच्या शाळेतील शिक्षक. त्यांनी चिचेवात लिहिलेल्या ‘न्थोन्डो’ या चरित्रात्मक कथेस १९३३ मध्ये आफ्रिकी भाषा व संस्कृतीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. लिव्हिंग्स्टोनियाचे मिशनरी कलन यंग यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९३४ मध्ये निघाला. पुढे न्तारा यांनी चेवा लोकांचा इतिहासही त्यांच्याच भाषेत लिहिला. मिशनच्या शाळेत शिकलेला शिक्षक, त्याची स्वतःची भाषा आणि हाताशी असलेला छापखाना, हे तीन घटक एकत्र आल्याशिवाय असा ग्रंथ निर्माण होणे कठीण होते.

या काळाचे उदात्तीकरण मात्र करता येणार नाही. काय छापावे आणि काय वाचावे हे मिशन ठरवीत असे, आणि शिक्षणासाठी शुल्कही आकारीत असे. लिव्हिंग्स्टोनियाचेच विद्यार्थी एलियट काम्वाना यांनी १९०८-०९ मध्ये बांडावे परिसरात या शुल्काविरुद्ध आवाज उठविला. वॉच टॉवर पंथाची शिकवण देत त्यांनी सहस्रावधी लोकांना बाप्तिस्मा दिला. परिणामी वसाहतीच्या शासनाने त्यांना हद्दपार केले. दक्षिण आफ्रिकेत १९१९ मध्ये कृष्णवर्णीय कामगारांची मोठी संघटना उभारणारे क्लेमेंट्स कडाली आणि न्यासालँड आफ्रिकन काँग्रेसचे १९४४ मधील पहिले अध्यक्ष लीव्हाय मुंबा हे दोघेही लिव्हिंग्स्टोनियाच्याच शिक्षणपरंपरेतले. अक्षरओळख देणाऱ्या संस्थेला त्या अक्षरांनी पुढे काय वाचले जाईल यावर नियंत्रण ठेवता आले नाही, ही बाब ग्रंथालयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

दानाचा काळ

मलावी १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. राष्ट्रीय ग्रंथालय सेवेचा कायदा १९६७ मध्ये झाला. तर लगेच १९६८ मध्ये अभ्यवेक्षणाचा कायदा आला आणि त्याखाली अनेक पुस्तकांवर बंदी घातली गेली. याच वर्षी चिचेवा ही राष्ट्रभाषा ठरली आणि उत्तरेतील चितुम्बुका भाषेचे नभोवाणी व मुद्रण यांतील स्थान काढून घेण्यात आले. बहुपक्षीय लोकशाही आल्यानंतर १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण निःशुल्क करण्यात आले आणि एका वर्षात पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. एका वर्गात शंभराहून अधिक मुले बसू लागली. शाळांना खोल्या अपुऱ्या पडल्या, शिक्षक अपुरे पडले. पुस्तकांची कथा वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

या पार्श्वभूमीवर ग्रंथदानाचा ओघ वाढला. ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये काउंटेस ऑफ रॅन्फर्ली यांनी सुरू केलेली, पुढे ‘बुक एड इंटरनॅशनल’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था आणि अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘बुक्स फॉर आफ्रिका’ ही या क्षेत्रातील मोठी नावे. यांपैकी दुसरीने आजवर ५ कोटींहून अधिक पुस्तके आफ्रिकेत धाडली आहेत. मिशन-प्रवासाची मंडळी या मानाने लहान. परंतु त्यांची पद्धत मोठ्या संस्थांच्या आरंभीच्या पद्धतीसारखीच असते. मंडळीतील कुटुंबांकडून वापरलेली पुस्तके गोळा होतात, खोक्यांत भरली जातात आणि मलावीला समुद्रकिनारा नसल्याने मोझांबिकमधील बैरा अथवा नकाला यांसारख्या बंदरात उतरून पुढे रस्त्याने वा रेल्वेने जातात. वाहतूक व जकात यांवर होणारा खर्च लक्षात घेता, फुकट मिळालेले पुस्तक शाळेत पोहोचेपर्यंत फुकट राहत नाही.

कुटुंबाने काढून टाकलेले पुस्तक हे बहुधा त्या कुटुंबाला नको असलेले पुस्तक असते. महाविद्यालयीन ग्रंथालयात ज्यांचे निर्लेखन झाले असते असे कालबाह्य विश्वकोश, परदेशातील अभ्यासक्रमाची जुनी पाठ्यपुस्तके, हिमवर्षावाच्या व नाताळच्या चित्रकथा यांचे प्रमाण अशा संग्रहात मोठे असणे स्वाभाविक आहे. हिमवर्षावाची गोष्ट मलावीच्या मुलाने वाचू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु संग्रहात तिच्या शेजारी सरोवरातील मासेमारीची, मक्याच्या शेताची गोष्ट नसेल, तर पुस्तक ही परक्याच्या घरची वस्तू आहे असा ग्रह त्या मुलाच्या मनात होतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीपैकी वाचक आणि पुस्तक यांची परस्परांशी गाठ घालून देणारी दुसरी व तिसरी ही सूत्रे या ठिकाणी एकाच वेळी भंग पावतात.

ही टीका दात्यांच्या कानी पोहोचली नाही असे नाही. बुक एड इंटरनॅशनलने कालांतराने वापरलेल्या पुस्तकांऐवजी प्रकाशकांकडील नवीन पुस्तके पाठविण्याचे धोरण स्वीकारले. कॅलिफोर्नियातून २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘आफ्रिकन लायब्ररी प्रोजेक्ट’ने एका शाळेस सुमारे १००० पुस्तके देताना खोली, मांडण्या आणि जबाबदार शिक्षक यांची तरतूद स्थानिकांनी आधी करावी, अशी अट घातली. मिशन-प्रवासात नेमकी हीच अट बहुधा सुटते. मांडणी ठोकण्याचे काम पाहुण्यांनीच करावयाचे असते. कारण त्यासाठीच ते आलेले असतात. गावातील सुताराला ते काम मिळाले असते तर मोडलेली फळी पुढील वर्षी कोणाला सांगून दुरुस्त करावयाची, हे शाळेला ठाऊक असते.

भाषेचा प्रश्न

मलावीत २०१० मध्ये झालेल्या प्रारंभिक वाचनक्षमतेच्या राष्ट्रीय चाचणीत दुसरीतील बहुसंख्य मुलांना चिचेवातील परिचित शब्दही वाचता आले नाहीत. ज्या भाषेत मूल घरी अथवा गावात बोलते त्या भाषेची ही अवस्था. तर इंग्रजीविषयी वेगळे अनुमान काढण्याची गरज नाही. असे असताना २०१३ च्या शिक्षण कायद्याने पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची तरतूद केली. उत्तरेत लिव्हिंग्स्टोनियाच्या परिसरातील तुम्बुकाभाषक मुलाची स्थिती तर अधिकच अवघड आहे. त्याची घरची भाषा चितुम्बुका, पाठ्यपुस्तकाची चिचेवा आणि दान आलेल्या ग्रंथांची इंग्रजी.

दान आलेल्या पुस्तकांवर वाचनपातळी दर्शविणाऱ्या रंगीत पट्ट्या चिकटविण्याची पद्धत आहे. ती उपयुक्त असली, तरी या पातळ्या इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या असतात. ‘दुसरीसाठी’ अशी पट्टी असलेले पुस्तक मलावीत सहावीच्या मुलालाही जड जाऊ शकते, आणि सहावीच्या मुलाला त्यातील मजकूर बालिश वाटू शकतो.

चिचेवातील पुस्तके उपलब्ध नाहीत, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो पूर्णतः ग्राह्य नाही. ब्लॅन्टायर येथील मलावी ख्रिस्ती साहित्य संघाचे प्रकाशन व पुस्तकविक्री हे कार्य जुने आहे. इतर देशी प्रकाशकही आहेत. त्यांच्या आवृत्त्या लहान निघतात, कारण ग्राहक थोडे. आणि फुकट इंग्रजी पुस्तकांनी मांडण्या भरल्या की उरलेला ग्राहकही जातो. आफ्रिकी प्रकाशकांनी अनेक वर्षे हीच तक्रार मांडली आहे. प्रवासाला निघालेल्या एका सभासदाच्या विमानभाड्याइतकी रक्कम स्थानिक विक्रेत्याकडील खरेदीसाठी राखून ठेवली, तर प्राथमिक वर्गांसाठी एक चांगला देशी विभाग उभा राहू शकेल.

किल्ली आणि नोंदवही

ग्रंथनिवड योग्य झाली तरी ग्रंथालय कुलुपात राहू शकते. शाळेकडे स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. शंभर मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडेच हे काम येते. पुस्तक हरवले तर जबाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे असतो आणि पाहुणे पुन्हा आल्यावर मांडण्या भरलेल्या दिसाव्यात, ही मुख्याध्यापकांची स्वाभाविक इच्छा असते. किल्ली कार्यालयात राहते ती या भीतीपोटी. तिचा अर्थ अनास्था असा लावणे अन्यायाचे ठरेल. आपल्याकडील वसुलीच्या भयाने बंद राहिलेली शालेय कपाटे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. उपाय साधा आहे. काही टक्के पुस्तके दरवर्षी हरवणार वा फाटणार, हे दात्याने उद्घाटनाच्या दिवशीच लेखी मान्य करावे आणि यशाचे माप म्हणून देवघेवीची नोंदवही पाहावी. नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाळ्यातील दमट हवा आणि वाळवी हे न वापरलेल्या पुस्तकांचेही नुकसान करतातच.

मिशन-प्रवासाची एक जमेची बाजू येथे नमूद करणे आवश्यक आहे. मोठ्या दानसंस्थेपेक्षा मंडळीचे गावाशी नाते अधिक व्यक्तिगत असते आणि टिकाऊही होऊ शकते. स्कॉटलंड व मलावी यांच्यातील मंडळ्या, शाळा व रुग्णालये यांच्या जोडण्यांना २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कॉटलंड मलावी पार्टनरशिप’मुळे एक व्यवस्था लाभली. तीच माणसे पुन्हा पुन्हा येऊ लागली की दुसऱ्या वर्षी काय बिघडले हे त्यांना दिसते. याउलट, सरकारी मदतीवर विसंबून चालणाऱ्या कार्यक्रमांचे भवितव्य दात्या देशाच्या राजकारणाशी बांधलेले असते. मलावीच्या राष्ट्रीय वाचन कार्यक्रमास २०१६ पासून साहाय्य करणारी अमेरिकेची शासकीय मदतसंस्था २०२५ मध्ये बंद करण्यात आली.

छापखान्याच्या जुन्या पद्धतीस आज एक नवे रूप मिळू शकते. दक्षिण आफ्रिकेतून २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ उपक्रमात मुक्त परवान्याच्या बालकथा अनेक आफ्रिकी भाषांत उपलब्ध असून, शिक्षक त्यांचे भाषांतर करू शकतात, स्वतःची कथाही लिहू शकतात. मलावीतील बहुतेक ग्रामीण शाळांत वीज नसल्याने हे काम शाळेत होणे अवघड आहे. परंतु तेथे प्राथमिक शाळांचे विभाग पाडलेले असून प्रत्येक विभागासाठी एक शिक्षक विकास केंद्र असते. अशा केंद्रात सौरपट, मुद्रक, कागद व शाई यांची व्यवस्था झाली, तर चितुम्बुकातील पंधरा-वीस पानांची कथापुस्तिका त्या विभागातील सर्व शाळांना एकाच सत्रात पुरविता येईल. भेटीस येणाऱ्या मंडळीने खोक्यांच्या वाहतुकीचा खर्च या कामाकडे वळवावा आणि काय छापावयाचे याचा निर्णय तेथील शिक्षकांवर सोपवावा.