पंचाची शिट्टी आणि बारीकसारीक नियम

रविवारची सकाळ. शहरांतील एका मैदानावर दोन हौशी संघांचा फुटबॉलचा सामना चालू आहे. मैदानाच्या मध्यावर, दोन्ही गोलांपासून दूर, एक पोरसवदा खेळाडू बाजूच्या रेषेवरून चेंडू आंत फेंकतो. फेंकतांना त्याचा मागचा पाय जमिनीवरून किंचित् उचलला जातो. तत्काळ पंचाची शिट्टी वाजते आणि चेंडू प्रतिपक्षाला मिळतो. एका बाजूचे प्रेक्षक म्हणतात, “नियम तो नियम!” दुसऱ्या बाजूचे म्हणतात, “एवढ्याशा गोष्टीसाठीं खेळ थांबवायचा?” यांपैकीं खरें कोणाचें? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या खेळाच्या पाठीशीं पगारी पंच नाहींत, यंत्रें नाहींत, बंदोबस्तही नाहीं, तो खेळ पुष्कळदां अशाच प्रश्नावर तरतो किंवा बुडतो.

इंग्लंडमध्यें १८६३ सालीं फुटबॉल असोसिएशननें पहिले नियम केले, तेव्हां त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. खेळणारे सभ्य गृहस्थ आपसांतील तंटे आपणच मिटवतील, अशी समजूत होती. ती फार काळ टिकली नाहीं. पुढें प्रत्येक संघाचा एकेक अंपायर आला. आणि १८९१ सालीं निकालाचा अधिकार एका त्रयस्थ पंचाच्या हातीं देऊन त्याला प्रत्यक्ष मैदानांत उभें करण्यांत आलें. १९३८ सालीं स्टॅन्ली राउस यांनीं सर्व नियमांची फेरमांडणी १७ कलमांत केली. राउस हे एके काळचे शाळामास्तर आणि नामांकित पंच होते. नियमांसोबत पंचांसाठीं एक सूचनाही पुष्कळ वर्षें छापली जात असे. किरकोळ व संशयास्पद चुकांसाठीं वारंवार शिट्टी वाजविल्यानें खेळाडूंचीं मनें बिघडतात आणि पाहणाऱ्यांचाही विरस होतो, असा तिचा मथितार्थ होता. २०१६ सालच्या फेररचनेंत तर, पंचानें नियमांना आणि खेळाच्या आत्म्याला धरून निर्णय द्यावा, असें त्याच्या कलमांतच घालण्यांत आलें. सतरा कलमांनंतरचें अलिखित अठरावें कलम म्हणजे तारतम्य, असें पंचमंडळींत गमतीनें म्हटलें जातें, तें उगीच नव्हे.

मात्र तारतम्य म्हणजे डोळेझाक नव्हे. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, ही म्हण मैदानावरही खरी आहे. म्हणून ‘किरकोळ’ या एका शब्दाखालीं सारे नियम कोंबण्यापूर्वीं, प्रत्येक नियम कशाचें रक्षण करतो, हें पाहिलें पाहिजे.

कांहीं नियम शरीराचें रक्षण करतात. बोटांतील अंगठी काढून ठेवणें, नडगीवर संरक्षक पट्टी बांधणें, हे नियम दिसावयास लहान. पण अंगठीनें दुसऱ्याचा डोळा फुटला किंवा पट्टीवांचून नडगी मोडली, तर तें नुकसान कोणताही निर्णय भरून देऊं शकत नाहीं. हौशी खेळाडूला तर दुसऱ्या दिवशीं शाळेंत किंवा कामावर जावयाचें असतें. येथें सवलत मुळींच नको. हें काम सामन्यापूर्वीं दोन मिनिटांत होतें, आणि त्यांत कोणाचा अपमानही होत नाहीं.

कांहीं नियम न्यायाचें रक्षण करतात. फ्री किकच्या वेळीं प्रतिपक्षानें ९.१५ मीटर, म्हणजे दहा यार्ड, दूर राहणें. चेंडू जेथून बाहेर गेला तेथूनच आंत फेंकणें. जिंकत असलेल्या संघानें वेळ न दवडणें, हे सर्व या वर्गांतले. येथें पाहावयाचें एवढेंच, कीं चुकीमुळें कोणाला गैरवाजवी लाभ झाला काय? झाला असेल, तर शिट्टी वाजलीच पाहिजे.

उरलेले नियम बव्हंशीं रीतीचें रक्षण करतात. मैदानाच्या मध्यावर उचललेला पाय या वर्गांत मोडतो. शिकाऊ मुलांच्या सामन्यांत पहिल्या चुकीला शब्द आणि दुसरीला शिट्टी, एवढें औदार्य शोभतें.

परंतु या औदार्यांत एक धोका आहे, आणि त्याचें उदाहरण साऱ्या जगानें पाहिलें आहे. गोलरक्षकानें चेंडू हातांत ६ सेकंदांहून अधिक धरूं नये, असा नियम होता. पंच तो क्वचितच अमलांत आणीत. ६ ऑगस्ट २०१२ रोजीं, लंडन ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या उपांत्य सामन्यांत, मँचेस्टर येथें कॅनडा अमेरिकेवर ३–२ असा पुढें होता. खेळ संपावयास दहा-बारा मिनिटें उरलीं असतां नॉर्वेच्या पंचांनीं कॅनडाच्या गोलरक्षिकेविरुद्ध हाच नियम लावला. त्या फ्री किकवर चेंडू एका खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली आणि बरोबरी झाली. पुढें जादा वेळेंत अमेरिकेनें ४–३ असा विजय मिळविला. निर्णय पुस्तकाला धरून होता. तरीही पराभूत संघाला तो अन्याय वाटला. कारण उघड आहे. जो नियम वर्षानुवर्षें झोपलेला, तो नेमका त्याच घटकेला जागा झाला. अखेर २०२५ सालीं नियमच बदलला. मुदत ८ सेकंदांची झाली, शेवटचीं पांच सेकंदें पंचानें हात वर करून बोटांनीं दाखवावयाचीं ठरलीं, आणि शिक्षा म्हणून फ्री किकऐवजीं कॉर्नर आला. इशारा ठळक आणि शिक्षा सौम्य, म्हणजे अंमल नियमित होतो, हें त्यामागचें धोरण.

हौशी पंचानें यांतून घ्यावयाचा धडा हाच. खेळाडूला कडक पंच सोसतो, सौम्यही सोसतो. न सोसणारा पंच तो, जो पहिल्या अर्धांत सौम्य आणि शेवटच्या मिनिटाला कडक असतो. कोल्हापुरांत पेठापेठांच्या तालमींचे संघ छत्रपति शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हां हजारों डोळे पंचावर खिळलेले असतात. लहान मैदानावर तर पंच पुष्कळदां एकटाच. रेषेवर निशाण घेऊन उभा राहणारा कोणी नाहीं आणि सामना संपल्यावर त्याच गर्दींतून त्याला घरीं जावयाचें. त्याच्या हातीं दुसरें शस्त्र नाहीं. आहे तो विश्वास. दोन्ही कर्णधारांना आरंभींच आपला दंडक सांगावा, पहिल्या दहा मिनिटांत तो कृतीनें दाखवावा, आणि अखेरपर्यंत दोन्ही बाजूंना सारखाच लावावा.

आतां तो मागचा पाय. मुलाला त्यापासून कांहींच लाभ झाला नव्हता. एका शब्दानें काम भागलें असतें. पण घटकेपूर्वीं प्रतिपक्षाच्या मुलाला त्याच चुकीबद्दल पंचानें शिट्टी दिली असेल, तर? तर मात्र ही शिट्टीही वाजावयासच हवी होती. लहान नियम किती कडक असावा, यावर मतभेद होऊं शकतात. तो दोघांना सारखा असावा, यावर होऊं शकत नाहींत.