उभ्यानं उलटं

रोलर कोस्टर म्हटलं की बसलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन या पार्कातल्या ‘रिडलर्स रिव्हेंज’मध्ये मात्र सगळे उभे असतात. आठ रांगा, रांगेत चौघं, अशी ३२ माणसं उभ्यानंच सहा वेळा उलटी होतात. १९९८ साली सुरू झालेला हा कोस्टर उभ्या प्रकारात आजही सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान आहे.

आधी माणसाला उभं कसं बांधायचं, ते पाहा. पाठीमागच्या खांबावर सायकलच्या सीटसारखी चिंचोळी सीट असते आणि खांद्यांवरून छातीवर येणारा जाड, मऊ दांडा. माणसं निरनिराळ्या उंचीची, म्हणून हा सगळा साज खांबावर वर-खाली सरकतो. तुम्ही उभे राहता, सीट मांड्यांमध्ये येते, दांडा खाली येतो आणि खट्‌कन उंची पक्की होते. त्या क्षणी जसे उभे असाल, तसेच शेवटपर्यंत! म्हणून जाणकार सांगतात, त्या वेळी गुडघे किंचित वाकवून ठेवा. ताठ पायांना धक्का जिरवायला जागाच उरत नाही.

मग साखळी गाडीला साडेसत्तेचाळीस मीटर उंचीवर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाचं. पहिला उतार साधारण साडेचव्वेचाळीस मीटरचा. शाळेतलं सूत्र लावा : उंची, गुरुत्वाचं त्वरण आणि दोन यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ताशी सुमारे १०६ किलोमीटर, आणि गाडीचा जाहीर वेग आहे १०५! नववीच्या वहीतलं गणित एवढ्या टनांच्या पोलादाला इतकं तंतोतंत लागू पडतं, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

उताराच्या पायथ्याशीच ३८ मीटर उंचीचा लूप उभा आहे. तो नीट पाहिलात तर गोल नाही, थेंबाच्या आकाराचा आहे. पूर्ण गोल लूपमध्ये तळाशी आणि माथ्यावर जाणवणाऱ्या वजनात तुमच्या मूळ वजनाच्या सहापट फरक पडतो. माथ्यावर पडू नये एवढा वेग ठेवायचा, तर तळाशी माणूस चिरडल्यासारखा होतो. म्हणून तळाशी वळण मोठं ठेवायचं आणि वर जाताना आवळत न्यायचं. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी ही युक्ती १९७६मध्ये याच पार्कातल्या ‘रिव्होल्यूशन’मध्ये वापरली.

आता शरीरात काय होतं? खरी नवलाई इथे आहे. समजा, खोलगट भागात वजन चौपट झालं. साठ किलोचा माणूस दोनशे चाळीस किलोंचा झाला, आणि हा भार आता मांडीखालच्या गादीवर नाही, घोटे, गुडघे आणि पोटऱ्यांवर आहे. रक्तही चौपट जड होतं. मेंदू हृदयापेक्षा सुमारे तीस सेंटिमीटर वर असतो. एरवी तिथवर पोहोचताना रक्ताचा दाब पाऱ्याच्या साधारण २३ मिलिमीटरने घटतो. चौपट वजनात ही घट नव्वदच्या पुढे जाते, म्हणजे हृदयाचा जवळजवळ सगळा सरासरी दाब तिथेच खर्ची पडतो. बसलेल्या माणसाचंही हेच होतं, पण उभ्या माणसाच्या पायांत रक्ताचा स्तंभ आणखी लांब, त्यामुळे रक्त खाली साठायला जास्त वाव. मग शुद्ध का हरपत नाही? कारण हे सारं एक-दोन सेकंदांत आटोपतं, आणि रक्तपुरवठा तुटला तरी मेंदूकडे काही सेकंदांची प्राणवायूची शिल्लक असते. फार तर कडेची दृष्टी क्षणभर करडी होते. पोटऱ्या आवळून धरल्या तर शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. लढाऊ विमानांचे वैमानिक हेच करतात.

उभ्या कोस्टरची सुरुवात जपानमध्ये १९८२ साली झाली. टोगो कंपनीने बसायच्या कोस्टरवर उभ्या गाड्या चढवल्या. मुळातूनच उभ्यासाठी बांधलेला ‘किंग कोब्रा’ १९८४मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत आला. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीचा पहिला कोस्टरही, १९९०चा ‘आयर्न वुल्फ’, उभाच होता. खोपोलीच्या इमॅजिकामधला ‘नायट्रो’ याच कंपनीचा.

पण उभ्या कोस्टरमध्ये पाय दुखायचे, आणि रुळापासून इतक्या उंचावर असलेलं डोकं दांड्यावर आपटायचं. हळूहळू पार्कांनी रूळ तेच ठेवून गाड्या बदलल्या. सीडर पॉइंट या पार्कातला ‘मँटिस’ २०१५मध्ये ‘रूगारू’ झाला : आता लोक बसतात आणि पाय मोकळे लोंबतात, ‘नायट्रो’त लोंबतात तसेच.

मला वाटत होतं, हा प्रकार आता संपला. तेवढ्यात २०२३मध्ये ऑर्लँडोच्या सीवर्ल्डमध्ये ‘पाइपलाइन’ आला, त्याच स्विस कंपनीचा. इथे उंची पक्की होतच नाही! सीट आणि छातीवरचा पट्टा गाडी धावत असताना तुमच्याबरोबर वर-खाली होतात. उंचवट्यावरून जाताना शरीर हलकं होतं आणि सगळा साज त्याच्यासोबत वर उचलला जातो. खोलगटात गुडघे वाकतात, तसा तो खाली येतो. उलटं होणं इथे एकदाच. बाकी भर उंचवट्यांवर, कारण गुडघ्यांना खेळायला मिळतं ते तिथेच.