चितपट झाली, सगळे उभे राहिले

महाराष्ट्र केसरीची ६६वी स्पर्धा मार्च २०२५ मध्ये कर्जतला झाली. हे वाक्य वाचून रायगडातल्या कुस्तीशौकिनाची छाती क्षणभर फुगावी आणि लगेच खाली बसावी, कारण ते कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं. सोलापूरच्या वेताळ शेळकेने तिथे गदा खांद्यावर घेतली. बटाटेवड्याचं, घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिनं जोडतात ते कर्जत निराळं. तिथल्या आणि शेजारच्या खालापुरातल्या माणसाला कुस्ती डोळ्यांसमोर बघायची तर गावची जत्रा गाठावी लागते, नाहीतर घाट चढून देशावर जावं लागतं, नाहीतर लोकल पकडून मुंबई.

आणि तो माणूस व्हीलचेअरवर असेल तर?

भात काढून झालं की या भागातली खाचरं मोकळी होतात. खोपोलीजवळच्या साजगावला कार्तिकात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, सुक्या मासळीच्या बाजारासाठी ओळखली जाणारी. तिथपासून वैशाखापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात देवाची पालखी असते, आणि जत्रा म्हटली की पुष्कळ ठिकाणी दुपारी कुस्त्या. आधी नारळावरच्या, पोरासोरांच्या. मग शंभराच्या, पाचशेच्या. शेवटी मोठ्या इनामाची. हलगी तापते, निवेदकाचा आवाज बसत जातो, शड्डू घुमतो. बराच वेळ दोघं नुसती खडाखडी करतात, तेव्हा प्रेक्षक निवांत बसलेले असतात. मग कुणीतरी एकदम पट काढतो, घिस्सा बसतो, खालच्याची पाठ मातीकडे झुकते, आणि त्याच क्षणी अख्खं मैदान उभं राहतं.

खुर्चीवरच्या प्रेक्षकाची कुस्ती तिथेच संपते. पाऊण तास त्याने खडाखडी बघितलेली असते. चितपट मात्र त्याला पुढच्याच्या पाठीवर, शर्टाच्या घड्यांत बघावी लागते. निकाल कळतो तो आवाजावरून.

हिशेब साधा आहे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटर वीस सेंटिमीटरांवर असतात. उभ्या माणसाचे दीड मीटरच्याही वर. समोरचे बसलेले आहेत तोवर दोघं बरोबरीचे. उठले की मधे भिंत. कुस्तीत तर भिंत ऐन डावाला उभी राहते.

आखाड्याची घडणही खुर्चीवाल्याच्या विरोधात जाते. लाल मातीचा हौदा जमिनीच्या पातळीला असतो किंवा थोडा खोल, म्हणजे बघायचं ते खालीच. ही अडचण सर्वांचीच होती आणि तिच्यावरचं उत्तम उत्तर कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी सापडलं. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, असं सांगतात. १९१२ मध्ये खासबाग मैदान खुलं झालं: मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे उतरत येणारी बैठक, म्हणजे मागचा पुढच्याच्या डोक्यावरून बघतो. हजारोंच्या गर्दीत कुणाचीच नजर अडू नये एवढा विचार त्या उतारात आहे. त्या उतारावर चाकं कशी थांबतील, हा प्रश्न १९१२ साली कुणाला पडणं शक्य नव्हतं. त्याच कोल्हापुरात पुढे नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं. व्हीलचेअरला मराठीत घरचं नाव मिळालं ते बहुतेक त्या पुस्तकामुळेच.

व्यावसायिक कुस्तीची रिंग मातीच्या हौद्याच्या नेमकी उलट. चौरस, दोऱ्यांची, आणि जमिनीपासून तीनेक फूट उंच. मुंबईकरांना ती ओळखीची झाली ‘फ्रीस्टाईल’ या नावाने. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या लढतींना लोक लोटत. १९६८ साली मुंबईतच दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. नंतरच्या पिढीला हा खेळ केबल टीव्हीने आणि पत्त्यांसारख्या खेळायच्या कार्डांनी दिला. नव्वदीत वाढलेल्या कर्जतच्या पोरालाही अंडरटेकरची उंची आणि वजन तोंडपाठ होतं. निकाल आधी ठरलेला असतो हे कळल्यावरही ही माणसं बघायची थांबली नाहीत. तमाशातल्या राजाचं राज्य खरं नाही म्हणून कोण उठून जातं?

उंच रिंगमुळे खुर्चीवरून थोडं बरं दिसतं, पण कायम नाही. मल्ल रिंगबाहेर पडतात, कठड्यापाशी हाणामारी चालते आणि इथेही लोक खुर्च्यांवर चढतात. पहिल्या रांगेतला धडधाकट माणूस अंगावर येणाऱ्या पहिलवानाला बघून बाजूला उडी मारतो. चाकाच्या खुर्चीवरच्याला ती सोय नसते. म्हणून पहिल्या रांगेचं महाग तिकीट त्याच्यासाठी सर्वांत चांगलं असेलच असं नाही.

अमेरिकेत ‘उभे राहणारे प्रेक्षक’ हा प्रश्न थेट कोर्टात गेला. वॉशिंग्टनमध्ये एमसीआय सेंटर हे सभागृह बांधलं जात होतं, तेव्हा पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने दावा लावला. व्हीलचेअरच्या जागा नुसत्या असून भागत नाही, समोरचे उभे राहिल्यावरही तिथून दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. १९९७ साली अपील कोर्टाने ते मानलं: अशा जवळजवळ सगळ्या जागांवरून उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून दिसायला हवं. तीन वर्षांनी, एप्रिल २००० मध्ये, त्याच सभागृहात डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) ‘बॅकलॅश’ हा कुस्तीचा कार्यक्रम झाला, रॉक विरुद्ध ट्रिपल एच. त्या गर्दीत कोण बसून राहिलं असेल! तिकडच्या नियमांत आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. व्हीलचेअरच्या जागेला लागून सोबत्याची खुर्ची ठेवावी लागते. ती नसेल तर नवरा-बायको, बाप-लेक एकाच कार्यक्रमाला जाऊन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात, आणि कुस्ती ही काही एकट्याने बघायची गोष्ट नव्हे.

सैनिक, कणा आणि कुस्ती हा धागा आपल्याकडेही आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लहानपणी गावात कुस्ती खेळत. लष्करात गेले, १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. २०२४च्या ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटाने ते नाव तरुणांपर्यंत नेलं. आपण अशा माणसांना मैदानात खेळताना बघून टाळ्या वाजवतो, पण प्रेक्षक म्हणून ते आले तर कुठे बसतील याचा विचार होत नाही. दर वेळी पदकच कशाला जिंकायला हवं? कधी नुसती शेंगा खात कुस्ती बघावीशी वाटते.

आता प्रवास. डब्ल्यूडब्ल्यूईचा भारतातला कार्यक्रम ८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादच्या गचीबावली इथल्या स्टेडियममध्ये झाला. जॉन सीना आला होता. त्याआधीचा २०१७ मध्ये, दिल्लीला. तिथवर रेल्वेने जायचं तर लांब पल्ल्याच्या साध्या डब्याचं दार अरुंद आणि पायऱ्या उभ्या, त्यामुळे खुर्चीवरचा माणूस चढतो तो दुसऱ्याच्या हातांवर. त्यामानाने लोकल सोपी. खोपोली, लौजी, डोळवली, केळवली, पळसधरी, कर्जत ही शाखा मुंबईला जोडलेली आहे. लोकलला दिव्यांगांचा स्वतंत्र डबा असतो आणि डब्याची जमीन फलाटाच्या जवळपास पातळीला येते. मधली फट मात्र पुढच्या बारक्या चाकांना पुरून उरते. म्हणून जाणते लोक अशी फट मोठ्या चाकांवर, उलट तोंडाने ओलांडतात.

हीच युक्ती जत्रेत लागते. कापलेल्या भाताची धसकटं, भुसभुशीत माती, बांध. खुर्ची पुढे ढकलली की बारकी चाकं रुततात आणि बसलेला तोंडावर जातो. उलटी फिरवून मागे ओढली की निघते. गावात मदतीला हात कमी पडत नाहीत, उलट जास्तच येतात. चौघं धावतात, ‘दादा, तुम्ही नुसते बसा’ म्हणतात आणि खुर्चीचे हात धरून उचलतात. पुष्कळ खुर्च्यांचे हात निखळणारे असतात. ते वर येतात, खुर्ची खाली राहते. धरायचं ते पक्क्या सांगाड्याला. कुठे धरायचं हे बसलेल्यालाच विचारावं, त्याची खुर्ची त्याला पाठ असते.

मग त्याला सगळ्यांत पुढे, पंचांच्या शेजारी नेऊन बसवतात. निवेदक माइकवरून नाव पुकारतो, कुणी नारळ देतं, डोक्यावर टोपी चढते. यातला जिव्हाळा खरा आहे. पण कुस्ती बघायला आलेल्या माणसाचंच तिथे प्रदर्शन होतं, शिवाय ही जागा कुणी ओळखीचा भेटला तरच मिळते. पुढच्या गावी ओळख नसेल तर पुन्हा पाठीमागे. आणि शेवटची कुस्ती निकाली झाली की लोक हौद्यात घुसतात, विजेत्याला खांद्यावर घेतात, फेटे उडतात. त्या लोंढ्यात हौद्याच्या काठावरची खुर्ची सर्वांत आधी सापडते.

बाहेरून न दिसणाऱ्या अडचणी याहून मोठ्या. कण्याला वर, मानेजवळ इजा झाली असेल तर इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही. अंग तापतं आणि उतरत नाही. चैत्र-वैशाखातली दुपारी तीनची कुस्ती अशा माणसासाठी सावलीशिवाय धोक्याची. एकाच बैठकीत तासन्‌तास बसून कातडीला जखमा होतात, म्हणून दर थोड्या वेळाने हातांवर अंग उचलावं लागतं. आणि चाक आत जाईल असं स्वच्छतागृह नसलं की माणूस सकाळपासून पाणीच पीत नाही. जत्रेला न येण्याचं कारण विचारलं तर तो ‘जमलं नाही’ एवढंच म्हणतो. खरं कारण पुष्कळदा हे असतं.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, एप्रिल २०१७ पासून लागू. त्यातली सार्वजनिक इमारतीची व्याख्या सरकारी-खासगी दोन्हींना कवेत घेते आणि करमणुकीच्या जागाही त्यात येतात. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र खातं केलं. स्टेडियमला हा कायदा लागू पडतो. भाताच्या खाचराला इमारत कोण म्हणणार? तिथे यात्रा कमिटीच सरकार.

कमिटीला फार खर्चही नाही. दीड फूट उंचीचा मंच केला की खुर्चीवरच्याचे डोळे उभ्या माणसाच्या बरोबरीला येतात, दोन फुटांचा केला तर थोडे वर. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांब उतार आणि दोन फुटांना चोवीस. मांडववाल्याकडे प्लायवूड आणि बांबू असतातच. तेवढंही नको असेल तर दोरी: पुढच्या रांगेत, हौद्यापासून दहा फूट मागे, पंचांच्या नव्हे तर प्रेक्षकांच्या बाजूला चार खुर्च्यांची आणि चार सोबत्यांची जागा दोरीने आखायची, वर कापड ताणायचं आणि दोरीपुढे कुणाला उभं राहू द्यायचं नाही. रस्त्यापासून तिथवर प्लायच्या फळ्या. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनी स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. खर्च कशावर करावा हे ठरवताना ग्रामसभेत हाही विषय मांडता येईल.

कर्जत-खालापुरातल्या जत्रांच्या बैठका दिवाळीनंतर सुरू होतात. पावतीपुस्तक छापणं, पहिलवानांना निरोप, हलगीवाल्याची सुपारी हे सगळं तिथे ठरतं. यंदा त्या बैठकीला गावातल्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला बोलवा आणि हौद्याभोवती फक्की मारण्याआधी त्याला विचारा, दोरी कुठून बांधू?