प्रवेशाचा निकाल

अमेरिकेत सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलाची शाळा सामान्यतः त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि वस्त्याच वर्णानुसार विभागलेल्या असल्यामुळे १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवल्यानंतरही अनेक शहरांतील शाळा व्यवहारात वेगवेगळ्याच राहिल्या. मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवण्याच्या न्यायालयीन आदेशांना कडवा विरोध झाला, तेव्हा १९७०च्या दशकात एक सौम्य तोडगा रुजू लागला. विज्ञान, कला किंवा भाषा अशा एखाद्या विषयाचा विशेष अभ्यासक्रम देऊन निरनिराळ्या वस्त्यांतील मुलांना सक्तीविना आपल्याकडे ओढणारी सरकारी शाळा, म्हणजेच ‘मॅग्नेट शाळा’, हा तो तोडगा होय. यांपैकी बऱ्याच शाळा सोडतीने प्रवेश देतात, काही मात्र गुणवत्तेवर; आणि गाजलेले वाद बहुधा या दुसऱ्या प्रकारातल्या शाळांभोवती उभे राहतात.

व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीत १९८५ साली सुरू झालेले ‘थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी’, बोलीभाषेत ‘टीजे’, हे याचे सर्वांत चर्चित उदाहरण आहे. ‘यू. एस. न्यूज’ या नियतकालिकाच्या क्रमवारीत २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षे ही शाळा देशात पहिली होती. परंतु २०२०च्या प्रवेशांत निवडल्या गेलेल्या ४८६ विद्यार्थ्यांत आशियाई वंशाचे ७३ टक्के होते, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या दहाच्याही आत होती आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बळ गटातील विद्यार्थी एक टक्कासुद्धा नव्हते. आशियाई या गणनेत चिनी, कोरियन, व्हिएतनामी आणि भारतीय अशा सर्वच कुटुंबांचा समावेश होतो. उत्तर व्हर्जिनियात माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्यातच मोजली जातात, त्यामुळे हा वाद मराठी घरांना अगदीच परका नाही.

पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या मृत्यूनंतर वर्णभेदाविरुद्ध उसळलेल्या आंदोलनाच्या त्याच वर्षी शाळा मंडळाने प्रवेशपद्धती बदलली. प्रवेशपरीक्षा आणि तिचे शंभर डॉलर शुल्क रद्द झाले, जागा ५५०पर्यंत वाढल्या, आणि परिसरातील प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेला तिच्या आठवीच्या पटसंख्येच्या दीड टक्का इतक्या जागा राखून देण्यात आल्या. निवडीसाठी शाळेतील गुण आणि निबंधवजा उत्तरे यांच्या जोडीला कुटुंबाचे अल्प उत्पन्न, इंग्रजी नव्याने शिकत असणे यांसारखे घटक जमेस धरले जाऊ लागले. अर्ज तपासणाऱ्यांना मात्र विद्यार्थ्याचे नाव किंवा वंश कळू दिला जात नाही. पहिल्याच वर्षी आशियाई विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवर उतरले, कृष्णवर्णीयांचे सात आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे अकरा टक्क्यांवर गेले, तर दुर्बळ आर्थिक गटाचा वाटा थेट २५ टक्क्यांवर पोहोचला. या गटात गरीब आशियाई मुलांचीही मोठी भर होती, ही बाब वादाच्या गदारोळात बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

पालकांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०२२मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी नवी पद्धती म्हणजे वांशिक समतोल साधण्याचा आडमार्ग असल्याचे म्हटले. मे २०२३मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल फिरवला. दोन्ही न्यायालयांसमोर आकडे तेच होते, तुलनेचा आधार तेवढा निराळा होता. मागील वर्षाशी ताडून पाहता आशियाई विद्यार्थ्यांचा वाटा स्पष्टपणे घटला होता. अर्जदारांतील त्यांच्या वाट्याशी, म्हणजे सुमारे ४९ टक्क्यांशी, ताडून पाहता त्यांना अजूनही काकणभर अधिकच जागा मिळत होत्या. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला, तेव्हा न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी असहमती नोंदवली.

परिसरागणिक जागा वाटण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. टीजे सुरू झाली त्याच सुमारास, १९८५-८६मध्ये, देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक अमरावती जिल्ह्यात निघाले, आणि तेथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. तरीही दोहोंत एक मोलाचा फरक आहे: नवोदयने परीक्षा कायम ठेवून स्पर्धेचे मैदान जिल्ह्यापुरते आखले, तर फेअरफॅक्सने मैदानही लहान केले आणि परीक्षाही काढून टाकली. परीक्षा ठेवून शाळावार जागा दिल्या असत्या, तर निदान शिकवणी वर्गांच्या बळाची आणि मुलाच्या तयारीची गल्लत कितपत होत होती, हे तपासता आले असते.

निकालांचे वाचन याहून निसरडे आहे. नव्या पद्धतीने आलेली पहिली तुकडी बारावीत पोहोचली तेव्हा ‘नॅशनल मेरिट’ या राष्ट्रीय शिष्यवृत्ती स्पर्धेतील उपांत्य फेरीच्या मानकऱ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, आणि टीकाकारांनी ती शाळा घसरल्याची खूण मानली. वास्तविक ही निवड एका प्रमाणित चाचणीच्या गुणांवर होते. अशाच धाटणीची चाचणी प्रवेशद्वारातून हटवल्यावर तिच्यात चमकणारी मुले कमी येणार, हे उघड आहे, आणि त्यातून अध्यापनाविषयी फारसे काही कळत नाही. शाळेचा क्रमांक २०२३मध्ये पाचवा आणि २०२४मध्ये चौदावा झाला, हेही पुरावा म्हणून मांडले जाते. पण त्या याद्यांसाठी घेतलेले आकडे सुमारे दोन वर्षे जुने असल्याने त्यांत बव्हंशी जुन्या परीक्षेने आलेलीच मुले होती.

जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कमधील परीक्षेने प्रवेश देणाऱ्या अशाच शाळांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. गुणांच्या सीमारेषेच्या किंचित वर राहून प्रवेश मिळालेली आणि किंचित खाली राहून हुकलेली मुले जवळपास सारखीच असतात, त्यामुळे पुढे त्यांच्यात पडणारा फरक शाळेच्या खाती जमा करता येतो, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते; आणि तो फरक त्यांना फारच थोडा आढळला. नामवंत शाळांचा निकाल मुख्यत्वे त्यांच्या प्रवेशाचा निकाल असतो, असाच याचा अर्थ निघतो. मात्र हे निष्कर्ष सीमारेषेजवळच्या मुलांपुरते आणि प्रामुख्याने परीक्षांतील गुण व महाविद्यालयीन प्रवेश यांच्या मोजमापावर आधारलेले आहेत. टीजेत बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विशेष प्रयोगशाळेत किंवा बाहेरच्या मार्गदर्शकाकडे वर्षभराचा संशोधन प्रकल्प पूर्ण करावा लागतो, आणि या कामाला ‘यू. एस. न्यूज’च्या गुणांकनात स्थान नाही.