सगळ्यात छोटा तुकडा बॉस!

सोमवार ते शनिवार कीबोर्ड बडवणाऱ्या बोटांना रविवारी काहीतरी हटके हवं होतं. ताईला बाळ होणार होतं आणि अकोल्याहून आजीनं तिची दोन जुनी लुगडी पाठवली होती. म्हटलं, चला, गोधडी! तीही एकदम ‘क्विल्ट’ स्टाइल.

अमरावतीच्या माझ्या एका खोलीत १६ चौकोन तयार झाले. प्रत्येकात दोन त्रिकोण, एक हिरवा, एक जांभळा. जोडायला घेतले आणि बोंबला! कोपरेच जुळेनात. टेप लावली तर एक साडेआठ इंच, दुसरा सव्वाआठ. चार चौकोनांच्या ओळीत इंचभर गडबड! चूक माझीच. त्रिकोणाची तिरकी कड पटकन ताणली जाते आणि मी इस्त्री खसाखसा घासली होती. ती उचलून नुसती दाबायची असते.

आता कापायचं, पण किती? लुगडी संपलेली, दुसरी मिळणार नाहीत. शेवटी आजीला फोन.

‘‘काऊन वं, लहान्याले मोठं करता येते काय? मोठ्याले लहान कर!’’

हाच तो फंडा, मंडळी. आधी सगळे चौकोन मोजा. सर्वांत लहान जो, तेच सगळ्यांचं माप. पारदर्शक पट्टीवरची ४५ अंशांची रेघ मधल्या शिवणीवर बसवा, उजवी आणि वरची कड कापा. मग चौकोन अर्धा फिरवा, कापलेल्या कडा सव्वाआठच्या रेघांवर ठेवा आणि उरलेल्या दोन बाजू साफ करा. हाताशी फिरत्या पात्याचा कटर असेल तर सोपं. ओल्फा या जपानी कंपनीनं तो १९७९ मध्ये आणला.

पाव-पाव इंच शिवणीत गेलं की चौकोन उरतो पावणेआठचा. म्हणजे माझी गोधडी ३२ऐवजी ३१ इंचांची. बाळाला कुठे कळतंय?

आजीच्या गोधडीत ही भानगडच नाही. जास्तीची कड आत दुमडायची, धावदोरा घालत पुढे जायचं. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलंय, ते उगाच नाही.

माझी कातरणं मात्र आजीनं अकोल्याला मागवून घेतली. ताईच्या लेकीची कापडी बाहुली आता त्यांनीच गुटगुटीत झालीय.